सालीच्या अर्काची उलटतपासणी

शालेय विज्ञान प्रदर्शनात काही पाहुणे ठरलेले असतात. फेस काढणारा ज्वालामुखी, पुठ्ठ्याचे ठिबक सिंचन, बटाट्यावर लागणारा इवलासा दिवा. अलीकडे त्यांच्या पंगतीत आणखी एक पाट मांडलेला दिसतो: संत्र्या-लिंबांच्या टाकाऊ सालींपासून तयार केलेला, अन्न टिकवणारा अर्क. टेबलावर पिवळसर द्रवाची बाटली असते. शेजारी दोन बश्यांत पावाचे दोन तुकडे. एकावर हिरवी-काळी बुरशी, दुसरा स्वच्छ. मागच्या तक्त्यावर कचऱ्यातून संपत्ती कशी निर्माण होते याचे रंगीत चित्र आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: 'सालीच्या अर्कामुळे अन्न टिकते. हा अर्क नैसर्गिक असल्याने निर्धोक आहे.'

परीक्षकांना हा प्रकल्प आवडतो, त्यात नवल नाही. खर्च जवळजवळ शून्य, पर्यावरणाचे नाव, आरोग्याचे नाव आणि शेतकऱ्याचेही नाव. आम्हांलाही तो आवडतो. म्हणूनच त्याची उलटतपासणी करावीशी वाटते. आमचा आक्षेप सालीवर नाही, त्या ठळक अक्षरांतल्या दोन वाक्यांवर आहे. पहिल्या वाक्यात कोणते अन्न, कशापासून टिकते, किती अर्काने आणि कशाच्या तुलनेत, यांपैकी एकही गोष्ट सांगितलेली नाही. दुसरे वाक्य तर प्रयोगाशी संबंधितच नाही. ते प्रयोग सुरू होण्याआधीच लिहून ठेवलेले असते.

धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाला प्रदर्शनापलीकडचे महत्त्व आहे. २०२३पर्यंत उस्मानाबाद या नावाने नोंदला गेलेला हा जिल्हा कमी पावसाचा. पीक बुडाले तरी गोठ्यातले जनावर घर चालवते, हा इथला जुना हिशेब. भूम तालुक्यात आणि आसपास दुधाचा खवा करणाऱ्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरीचा खवा आणि पेढा तर जिल्ह्याबाहेरही नावाजलेला, त्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. म्हशीच्या एक लिटर दुधाचा साधारण २०० ग्रॅम खवा पडतो. म्हणजे पाच लिटर दूध आटवले, तेवढे सरपण जाळले, तेवढा वेळ खुरपे फिरवले, की एक किलो माल हाती येतो. आणि हा माल उन्हाळ्यात, थंड जागा नसेल तर, दोन-तीन दिवसांत वास मारू लागतो. नवरात्रात तुळजापूरला गर्दी लोटते, तेव्हा खव्याला भाव येतो. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात केलेला खवा टिकवायचा कसा, हा प्रश्न भट्टीवाल्याला पडतोच. अशा माणसाला कोणी सांगितले की रसवंतीच्या पिंपातल्या साली उकळून ते पाणी खव्यात घाला, नैसर्गिक आहे, काही होत नाही, तर ते ऐकण्याचा मोह त्याला होईल. त्याचा मुलगा ते शाळेच्या प्रदर्शनात शिकून आला असेल, तर अधिकच.

खव्याकडे पुन्हा येऊच. आधी सालीत असते काय ते पाहू.

लिंबूवर्गीय फळाचा रस काढला की फळाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग उरतो. बाहेरची रंगीत साल, आतला पांढरा मऊ थर, फोडींचे पडदे, बिया. रंगीत सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. संत्र्याची साल डोळ्यांजवळ दाबून एकमेकांना रडवण्याचा खेळ ज्यांनी केला आहे, त्यांना या पिशव्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. संत्र्याच्या या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. कागदी लिंबाच्या तेलात त्याचे प्रमाण बरेच कमी आणि सिट्रालसारखी इतर द्रव्ये अधिक. पांढऱ्या थरात पेक्टिन असते, ज्यामुळे मुरंबा आणि जेली घट्ट होते. त्याच भागात हेस्पेरिडिन, नारिंजिन यांसारखी कडवट किंवा बेचव फ्लॅव्होनॉइडे असतात. हेस्पेरिडिन काही आजचे नाही. लब्रेतों या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८२८मध्ये संत्र्याच्या सालीतून वेगळे केले होते. याखेरीज थोडे सायट्रिक आम्ल असते आणि, प्रकल्पांच्या तक्त्यांवर कधीच न येणारी एक वस्तू, बरीचशी विरघळणारी साखर असते.

ही यादी डोळ्यांपुढे ठेवून प्रकल्पाची कृती वाचावी. 'साली वाळवून पूड केली. पूड पाण्यात अर्धा तास उकळली. गाळून अर्क तयार केला.' आता वाळवताना आणि उकळताना सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जाते. घरभर जो वास सुटतो, तोच तो बाहेर गेलेला अर्क! लिमोनीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हेस्पेरिडिनचीही पाण्याशी फारशी मैत्री नाही. मग गाळणीखाली काय उतरले? थोडे आम्ल, थोडे पेक्टिन, काही फिनॉल गटातली द्रव्ये आणि साखर. आम्ल बुरशीला अडवील, साखर तिला पोसील. कोण जिंकेल हे सालीवर, पाण्यावर आणि अन्नावर अवलंबून राहील. एखाद्या मुलाने असा काढा भाकरीवर शिंपडला आणि भाकरी लवकर बुरसली, तर त्याचा प्रयोग फसला असे म्हणून त्याला बाजूला बसवू नये. त्याला कदाचित साखरेचा परिणाम दिसला असेल, आणि तो शोध स्वच्छ तुकडा दाखवणाऱ्या मुलाच्या निष्कर्षाइतकाच मोलाचा आहे.

'पण आपल्या आज्या लिंबाचे लोणचे वर्षभर टिकवतात, त्यात सालच असते की,' असे कोणी म्हणेल. मुद्दा चांगला आहे. मात्र लोणच्यात मीठ किती पडते ते आजीलाच विचारावे. लिंबाच्या रसाचा सामू, म्हणजे पीएच, दोन ते अडीचच्या आसपास असतो. अन्नाचा सामू ४.६च्या खाली असला की बोटुलिझम हा जीवघेणा विकार घडवणारा जीवाणू त्यात वाढू शकत नाही. सडवणाऱ्या इतर बऱ्याच जीवाणूंचीही तिथे गैरसोय होते. त्यात मूठमूठ मीठ पडले की जीवाणूंना वापरता येईल असे पाणीच कमी उरते. लोणचे टिकते ते आम्ल आणि मीठ यांच्यामुळे. साल तिथे मुरायला आलेली असते, राखण करायला नव्हे. लोणच्याच्या वर आलेली फोड, जिला खार पोहोचला नाही, तिच्यावरच आधी बुरशी येते, हे प्रत्येक घरात पाहिलेले आहे. ती फोड सालीसकटच असते.

याहून सोपा पुरावा भाजीच्या टोपलीत मिळतो. आठ-पंधरा दिवस विसरलेले लिंबू किंवा संत्रे घ्या. त्यावर आधी मऊ डाग पडतो, मग पांढरी लव आणि मग हिरवी किंवा निळसर भुकटी. हिरवी बुरशी पेनिसिलियम डिजिटेटम, निळी पेनिसिलियम इटालिकम. सगळे सुगंधी तेल, सगळी फ्लॅव्होनॉइडे आपापल्या जागी असताना या बुरश्या त्याच सालीवर सुखाने नांदतात. इतकेच नाही, तर फळाच्या जखमेतून सुटणारी वाफ या दोन बुरश्यांच्या बीजाणूंना रुजायला मदत करते आणि काही दुसऱ्या बुरश्यांना मात्र रोखते, असे इस्राएलमधील संशोधकांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले. एकाला विष तेच दुसऱ्याला निमंत्रण. म्हणून 'अर्क बुरशी मारतो' हे वाक्य अपुरे आहे. कोणती बुरशी, असे लगेच विचारले पाहिजे. वर्गात हा प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही, नासलेले एक लिंबू पुरते.

या विषयातली सर्वांत बोधप्रद हकिकत मात्र परदेशातली आहे आणि ती प्रत्येक विज्ञान शिक्षकाला माहीत असावी असे आम्हांला वाटते. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाच्या कुळातले एक फळ. त्याच्या बिया आणि गर यांचा अर्क १९८०नंतर अमेरिकेत आणि युरोपात जंतुनाशक आणि परिरक्षक म्हणून विकला जाऊ लागला. रस काढून उरलेल्या टाकाऊ भागापासून केलेला, संपूर्ण नैसर्गिक, आणि जीवाणू-बुरशी दोघांनाही पुरून उरणारा, अशी त्याची ख्याती. बाजारातला अर्क घेऊन कोणीही प्रयोग केला की तो खरोखरच जंतू मारत असे. म्हणजे पुरावा होता, आणि पुन्हा पुन्हा मिळत होता.

१९९९मध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारातले असे सहा अर्क तपासले. पाचांनी जंतूंची वाढ रोखली. त्या पाचांतही बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडले. तिघांत त्याखेरीज ट्रायक्लोसान आणि मिथिल पॅराबेन निघाले. सहाव्या अर्कात असे कोणतेही परिरक्षक नव्हते, आणि तो जंतू मारतही नव्हता. संशोधकांनी स्वतः बिया-गरापासून काढलेल्या अर्कांतही जंतू मारण्याचा गुण आढळला नाही. पुढे २००१मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतल्या ताकेओका आणि सहकाऱ्यांनी बाजारातल्या अर्कात बेंझेथोनियम क्लोराइडच असल्याचे रासायनिक विश्लेषणाने पक्के केले. २००५मध्ये त्यांना आणखी काही नमुन्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड मिळाले. हे द्रव्य फरशी पुसण्याच्या आणि हात धुण्याच्या जंतुनाशकांतले.

या हकिकतीत आम्हांला फसवणुकीपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी अर्काचा प्रयोग केला, त्यांनी पाहिले ते खरेच पाहिले. जंतू मरत होते. चूक निरीक्षणात नव्हती. बाटलीत आणखी काय आहे, हे वगळून नुसता मूळ अर्क तपासण्याचे कष्ट बहुतेकांनी घेतले नव्हते. 'सहावी बाटली' कोणी शोधली नव्हती.

शाळेच्या टेबलावरच्या दोन बश्यांतही सहावी बाटली गैरहजर असते. अर्क मद्यार्कात काढला असेल, तर मद्यार्क स्वतःच जंतुनाशक आहे. तेव्हा नुसता मद्यार्क लावलेला तुकडा शेजारी हवा. अर्क आंबट असेल, तर तेवढेच आंबट साधे पाणी लावलेला तुकडा हवा. एक तुकडा भिजवला आणि दुसरा कोरडा ठेवला असेल, तर पाण्याचाच फरक पडला. आणि एकेकच तुकडा असेल, तर कोणत्या तुकड्यावर बीजाणू आधी पडले हा निव्वळ योगायोगही असू शकतो. तुलनेचा संच नसलेला प्रयोग म्हणजे एकाच पैलवानाची कुस्ती. जिंकणार कोण हे आधीच ठरलेले!

आता प्रयोगशाळेतल्या खऱ्या संशोधनाबद्दल. लिंबूवर्गीय सालींच्या तेलांवर आणि अर्कांवर भरपूर शोधनिबंध निघाले आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे प्रामाणिक आहेत. आगरच्या थरावर जीवाणू पेरायचे, मध्ये अर्कात बुडवलेली कागदाची चकती ठेवायची आणि तिच्याभोवती वाढ न झालेले वर्तुळ किती मोठे पडते ते मोजायचे, ही त्यांतली नेहमीची पद्धत. वर्तुळ पडते. तेलाचे पडते, सिट्रालचे चांगले पडते. पण वर्तमानपत्रातल्या बातमीत ते वर्तुळ थेट आपल्या ताटात येऊन पडते, तिथे आमची हरकत सुरू होते. आगरच्या थराला चव नसते आणि त्यात लोणी नसते. अन्नात चरबी आणि प्रथिने असतात. सुगंधी तेले चरबीत विरघळून तिथेच अडकून बसतात, आणि जीवाणू असतात ओल्या भागात. दोघांची गाठच पडत नाही. सुगंधी तेलांवरच्या संशोधनाचा सारा बर्ट यांनी २००४मध्ये घेतलेला आढावा या बाबतीत वाचण्यासारखा आहे. प्रयोगशाळेतल्या माध्यमात जेवढे तेल पुरते, त्याच्या साधारण दुप्पट अर्धवट साय काढलेल्या दुधात लागते, सूपमध्ये ५० पट लागते आणि मऊ चीजमध्ये २५ ते १०० पट. अर्थात ही निरनिराळ्या वनस्पतींच्या तेलांवरची निरीक्षणे आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

खवा हा मऊ चीजचाच भाऊबंद मानायला हरकत नाही. चरबी भरपूर, प्रथिने भरपूर, वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा पाणी, आणि सामू सहाच्या वर, म्हणजे आंबटपणाचे संरक्षण मुळीच नाही. त्यात शंभरपट तेल घालून जंतू थांबतीलही. पण तो पेढा देवीपुढे ठेवला तर देवीलाही संत्र्याचा ढेकर येईल. मग आम्ल वाढवावे म्हटले, तर दुधात लिंबू पिळल्यावर काय होते हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक आहे. दाणेदार खवा करताना कारागीर दूध आटत आले की चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकतात, ते याच गुणासाठी. त्याने कण पडतात. तेवढ्या आम्लाने खवा टिकण्याइतका आंबट होत नाही, आणि टिकेल इतके टाकले तर तो खवा राहत नाही.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. कढईत दूध आटताना बहुतेक जीवाणू मरतात. खव्याला नंतर जे चिकटते ते हातांवरून, फडक्यावरून, पानावरून आणि हवेतून येते. त्यात बुरशीचे बीजाणू असतात, तसा माणसाच्या नाकात आणि जखमांत राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियसही असतो. हा जीवाणू अन्नात वाढला तर विष सोडतो. जीवाणू उकळून मरतो, विष मात्र उकळूनही पुरते जात नाही. शिवाय त्या अन्नाला बहुधा वास येत नाही, रंग बदलत नाही. उलट बुरशी दिसते. बुरशी दिसली की गृहिणी खवा फेकून देते. आता समजा, एखाद्या अर्काने बुरशी थोपवली, पण स्टॅफिलोकॉकसला काही केले नाही. खवा पाचव्या दिवशीही पांढराशुभ्र दिसेल आणि खाल्ला जाईल. अर्काने अन्न टिकवले नाही, फक्त धोक्याची खूण पुसली. प्रदर्शनातल्या 'स्वच्छ तुकड्या'चा अर्थ लावताना ही शक्यता एकदा तरी बोलून दाखवावी. १ ऑक्टोबर २०२०पासून सुट्या मिठाईपुढेही टिकण्याची तारीख लिहिण्याचा नियम अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने लागू केला. ती तारीख सालीच्या भरवशावर दोन दिवस पुढे ढकलली गेली, तर त्याची किंमत पोटात दुखलेल्या मुलांना मोजावी लागेल.

'नैसर्गिक' या शब्दाचीही थोडी झडती घेऊ. ज्यांना आपण 'केमिकल' म्हणून नाक मुरडतो, त्यांतले बेंझॉइक आम्ल पहिल्यांदा मिळाले ते लोबान या डिंकापासून, आणि सॉर्बिक आम्ल १८५९मध्ये रोवन नावाच्या झाडाच्या फळांतून. आज दोन्ही कारखान्यात होतात, पण रेणू तेच आहेत. दुसऱ्या बाजूने, सालीवर फवारलेली कीटकनाशके बहुतांशी सालीतच राहतात. दूरच्या बाजारपेठेसाठी जी फळे मेण लावून पाठवतात, त्यांच्या सालीवर इमॅझलिलसारखी बुरशीनाशकेही असू शकतात. अशा साली उकळून, आटवून, अर्क दाट केला, तर त्या बरोबर आणखी काय दाट झाले? आणि तो अर्क बुरशी मारत असेल, तर ती सालीने मारली की सालीवरच्या औषधाने? ग्रेपफ्रूटच्या बाटल्यांचा प्रश्न इथे भूमच्या बाजारातही तसाच उभा राहतो.

एवढे सगळे वाचून साली उकिरड्यावरच टाका असे आमचे म्हणणे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. सालीच्या अर्काचे एक काम खरोखर चांगले आहे, आणि नेमके तेच प्रदर्शनात दिसत नाही. अन्न केवळ जंतूंमुळे नासत नाही. तेल, तूप, शेंगदाण्याची चटणी, फरसाण यांना जो खवट वास येतो, तो हवेतल्या ऑक्सिजनने चरबीचे रेणू मोडल्याने येतो. ही साखळी क्रिया असते, एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. सालीतली फिनॉल गटातली द्रव्ये मध्ये पडून ही साखळी तोडतात. त्यांना ऑक्सिडीकरणरोधक म्हणतात. बीएचए, बीएचटी ही कृत्रिम द्रव्ये हेच काम करतात. लोणी कढवताना तुपात विड्याचे पान टाकण्याची आपल्याकडची रीत याच वाटेवरची आहे. विड्याच्या पानातही फिनॉल द्रव्ये असतात. तेव्हा सालीचा अर्क खवट होण्याला उशीर लावू शकतो हे म्हणणे पटण्याजोगे आहे. मात्र खवटपणा रोखणे आणि जंतू रोखणे ही दोन वेगळी कामे आहेत. तक्त्यावर दोन्हींसाठी 'टिकवणे' हा एकच शब्द येतो, आणि सगळा घोटाळा त्या एका शब्दात होतो. मराठीत खवटणे, आंबणे, विटणे, बुरसणे, नासणे, कुजणे असे किती नेमके शब्द आहेत! दूध नासते, वरण विटते, पीठ आंबते, खोबरे खवटते, भाकरी बुरसते. मुलांना आधी ही क्रियापदे वेगळी करायला लावली, तर अर्धे जीवरसायनशास्त्र तिथेच होऊन जाईल.

सालीचे बाकीचे उपयोगही आहेत. पेक्टिनचे कारखाने जगभर याच टाकाऊ मालावर चालतात. संत्र्याच्या सालीची पूड उटण्यात पडते. जनावरांना आंबोण म्हणून वाळलेली साल थोड्या प्रमाणात चालते. पण धाराशिवात संत्र्यांच्या मोठ्या बागा नाहीत, त्या नागपूर-अमरावतीकडे. मोसंबीच्या जालना-छत्रपती संभाजीनगरकडे. इथे साल सापडते ती रसवंतीच्या पिंपात, ज्यूसच्या गाड्याखाली आणि लग्नाच्या मांडवामागे, थोडी थोडी आणि उष्ट्या पेल्यांच्या शेजारी. तेवढ्यावर उद्योग उभा राहील असे मुलांकडून तक्त्यावर लिहून घेणे आम्हांला योग्य वाटत नाही. भट्टीवाल्याला खरा उपयोग होईल तो खवा गरम असतानाच स्वच्छ, कोरड्या भांड्यात भरण्याचा, झाकण्याचा, हात न लावण्याचा आणि लवकरात लवकर थंड करण्याचा. यात नवे काही नाही, त्यामुळे त्याला बक्षीस मिळत नाही.

प्रकल्प करायचाच असेल, आणि करावाच, तर तो पावाऐवजी ज्वारीच्या भाकरीवर करावा. विकतच्या पावात आधीच परिरक्षक असू शकते. एकाच पिठाच्या, एकाच तव्यावरच्या भाकरीचे दोन इंचांचे अठरा सारखे तुकडे करावेत. तीन-तीनांचे सहा गट. पहिल्या गटावर काही नाही. दुसऱ्यावर ड्रॉपरने उकळून गार केलेल्या पाण्याचे दहा थेंब. तिसऱ्यावर सालीच्या काढ्याचे दहा थेंब. चौथ्यावर सायट्रिक आम्लाचे पाणी, किराणा दुकानात जे लिंबाचे फूल म्हणून मिळते त्याचे, सामूच्या कागदावर काढ्याइतकाच रंग देईल एवढे पातळ केलेले. पाचव्यावर साखरेचे फिके पाणी. सहाव्यावर खाण्याचा सोडा कणाकणाने घालून आंबटपणा घालवलेला तोच काढा. सोडा जपून, कारण जास्त झाला तर तो स्वतःच बुरशीला अडवतो, आणि मग आपण सोड्याचा प्रयोग करत बसू.

प्रत्येक तुकडा वेगळ्या पारदर्शक पिशवीत घालून तोंड पक्के बांधावे. पिशव्यांवर गटाचे नाव न लिहिता नुसते आकडे लिहावेत, आणि कोणता आकडा कोणत्या गटाचा ही वही एका विद्यार्थ्याकडे बंद राहावी. बुरशी मोजणारे विद्यार्थी वेगळे. पारदर्शक कागदावर अर्धा सेंटिमीटरचे चौकोन आखून तो पिशवीवर ठेवला की बुरशीने किती चौकोन व्यापले ते मोजता येते. सकाळी आणि शाळा सुटताना, रोज, वर्गातल्या तापमानासह नोंद करावी. पिशवी कोणत्याही कारणाने उघडू नये, हुंगू नये. आठव्या दिवशी सगळ्या पिशव्या न उघडता खोल पुरून टाकाव्यात, हात साबणाने धुवावेत आणि मगच वही उघडावी. तिसरा आणि चौथा गट सारखेच निघाले तर साल बाजूला राहते आणि आम्ल उरते. तिसरा चौथ्यापेक्षा वाईट निघाला तर पाचव्या गटाकडे पाहावे. सहाव्यानेही बुरशी रोखली, तर मात्र सालीत आम्लाखेरीज काही आहे, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना ते शोधायचे काम मिळाले. एकाच गटातले तीन तुकडे आपसांतच फार वेगळे निघाले, तर अठरा तुकडे पुरेसे नव्हते असे वहीत लिहावे आणि हाच प्रयोग जूनच्या दमट हवेत पुन्हा मांडावा.